१ लाख ७० हजार किलोमीटर चाललेली डिस्कव्हरी ४ नागपुरात घ्यावी का?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: २०१४ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, तीन लिटरचे डिझेल इंजिन, १ लाख ७० हजार किलोमीटर चाललेली, दुसऱ्या मालकाकडून २१ लाखांना मिळते आहे. आपले बजेट २४ लाखांचे आहे. घर धरमपेठेत, काटोलकडे संत्र्याचा बगीचा, आणि अधूनमधून समृद्धी महामार्गावरून संभाजीनगरमार्गे पुण्याला जाणे, असा वापर राहील. घरच्यांचे म्हणणे आहे की एवढ्या पैशात जुनी फॉर्च्युनर घ्यावी. माझे मत आधीच सांगतो. गाडी घेण्यासारखी असू शकते, पण २१ लाखांना नाही; आणि काही ठरावीक कामे झाल्याची बिले हाती आल्याशिवाय तर कोणत्याही भावात नाही.

पहिली गोष्ट, किलोमीटरच्या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही. महामार्गावर सरासरी ताशी ६० च्या वेगाने १ लाख ७० हजार किलोमीटर चाललेले इंजिन सुमारे २,८०० तास फिरलेले असते, तर शहराच्या गर्दीत ताशी २० च्या सरासरीने केवळ ७० हजार चाललेले इंजिन ३,५०० तास फिरलेले असते, शिवाय त्यातला बराच वेळ ते नीट तापलेलेही नसते. त्यामुळे चंद्रपूर-वणीकडे रोज जाणाऱ्या ठेकेदाराची, वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी ही बंगल्याच्या पोर्चमध्ये उभ्या राहिलेल्या 'कमी चाललेल्या' गाडीपेक्षा मला अधिक भरवशाची वाटते. मात्र आकडा खरा असला पाहिजे. मीटर मागे फिरवणे फार अवघड काम राहिलेले नाही. म्हणून चेसिस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढून घ्यावा, प्रत्येक नोंदीवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे चढत गेले आहेत का ते पाहावे, आणि स्कॅनर लावून इतर कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांत, किलोमीटरची नोंद सापडली तर ती मीटरशी जुळते का तेही तपासावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. आपण २१ लाखांची गाडी घेत असलात तरी तिचा खर्च नव्या आलिशान गाडीच्या हिशेबानेच येणार. ज्यांच्याकडे खरेदीनंतर हातात काही उरत नाही, त्यांची गाडी पहिल्याच मोठ्या कामाला गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जाते, आणि अशा गाड्या आपल्या शहरात मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

आता इंजिनाकडे येतो, कारण या गाडीचा सगळा सौदा तिथेच ठरतो. या व्ही-सिक्स डिझेल इंजिनाची जगभर कुप्रसिद्ध असलेली खोड म्हणजे क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनची ताकद फिरवून पुढे देणाऱ्या मुख्य दांड्याचे, बेअरिंग जागेवरून फिरणे आणि पुढे क्रँकशाफ्टच तुटणे. सर्वच इंजिनांना ते होते असे नाही, उत्तम देखभाल झालेलीही काही त्यातून सुटत नाहीत. परंतु तेल उशिरा बदलत गेलेल्या इंजिनाला धोका अधिक, हे अनुभवी मिस्त्री एकमुखाने सांगतात. कंपनीच्या वेळापत्रकातले लांब अंतर आपल्या उन्हाला आणि धुळीला मानवत नाही. मागच्या मालकाने ८ ते १० हजार किलोमीटरला तेल बदलल्याची बिले दाखवली, तर त्या बिलांसाठी मी लाखभर रुपये जास्त मोजायला तयार होईन. एकदा क्रँक गेला की दुरुस्तीचा आकडा सौद्याच्या निम्म्या किमतीच्या घरात सहज जातो.

इथे एक तपासणी अवश्य करावी, तिला फारसा खर्च नाही. या इंजिनाचा ऑइल फिल्टर डब्याच्या आतला कागदी काडतुसासारखा असतो आणि वरच्या बाजूने काढता येतो. विक्रेत्याच्या संमतीने, नवे तेल-फिल्टर आपल्या खर्चाने टाकण्याच्या अटीवर, जुना फिल्टर काढून घ्यावा. त्याच्या घड्या ब्लेडने कापून मोकळ्या कराव्यात, तेल निथळू द्यावे आणि कागद पांढऱ्या कापडावर पसरून उन्हात तिरपा धरून पाहावा. डिझेलचे तेल काळे असणारच, त्याचे काही नाही. पण घड्यांच्या तळाशी रुपेरी किंवा तांबूस चकाकी दिसली, बोटांत चोळल्यावर बारीक पापुद्रे लागले, तर चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारा कण लोखंडाचा, आणि न चिकटणारी चकाकी बहुधा बेअरिंगच्या थराची असते. ती दिसली की चहा घेऊन परत यावे. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणजे पुढची हमी मिळाली असे मात्र नाही, कारण हा बिघाड कधीकधी काहीच पूर्वसूचना न देता होतो. ही जोखीम आपण पत्करणार आहात, हे मनाशी पक्के असू द्यावे.

टायमिंग बेल्टबाबत बिल वाचताना एक खाच आहे. या इंजिनाला व्हॉल्व्हची उघडझाप क्रँकशी जुळती ठेवणारा पुढच्या बाजूचा टायमिंग बेल्ट आहे, तसाच मागच्या बाजूला उच्च दाबाचा डिझेल पंप फिरवणारा दुसरा बेल्टही आहे. तो हाताला सहज लागत नाही, म्हणून पुष्कळदा पुढचाच बदलला जातो आणि बिलावर नुसते 'टायमिंग बेल्ट किट' लिहिलेले असते. दहा वर्षांवरच्या गाडीत दोन्ही बदलल्याचा पुरावा नसेल, तर दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करावा. इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या टर्बोचेही तसेच. तो बदलण्यासाठी या गाडीची बॉडी चेसिसवरून उचलण्याची पद्धत आहे, त्यामुळे मजुरीच भागाशी स्पर्धा करते. काळा किंवा निळसर धूर, चढावर ताकद कमी पडणे, वेग घेताना शिट्टी वाजणे, यांपैकी काहीही आढळले तर 'सेन्सर बदलला की जाईल' या आश्वासनावर विसंबू नये.

गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा आहे आणि तो चांगला आहे. त्यातील तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे शोरूममध्ये सांगत असत, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलावे असे सांगते. तळाचा प्लॅस्टिकचा पॅन आणि फिल्टर एकत्रच येतात, ते दोन्ही बदलले पाहिजेत. ट्रान्सफर बॉक्स (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत ती वाटणारे भाग) यांच्या तेलाचेही विचारून घ्यावे. २०१४ च्या सुमारास काही देशांच्या बाजारांत लो रेंज (चिखल-चढासाठीचा संथ पण जोरकस गिअर) नसलेला ट्रान्सफर बॉक्सही दिला जात होता, तेव्हा ही गाडी कोणी परदेशातून आणलेली असेल तर लो रेंजचे बटण प्रत्यक्ष आहे ना, हे आधी पाहावे.

यानंतरचा मोठा खर्च एअर सस्पेन्शनचा. रबराच्या हवेच्या पिशव्या, त्यांना हवा भरणारा कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह आणि उंची मोजणारे सेन्सर अशी ही रचना आहे. बिघाड बहुतेक वेळा पिशवीच्या बारीक गळतीपासून सुरू होतो: हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वारंवार चालतो, आणि शेवटी तोच जळतो. मालक कॉम्प्रेसर नवा टाकून गाडी विकायला काढतो, गळती तशीच राहते, आणि नवा कॉम्प्रेसर नव्या मालकाच्या दारात मरतो. म्हणून 'कॉम्प्रेसर नुकताच बदलला आहे' हे वाक्य ऐकले की मी अधिक सावध होतो. तपासायचे असे: संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजावे. उभी असतानाही यंत्रणा अधूनमधून पातळी जुळवते, त्यामुळे थोडा फरक चालतो. बोटभर बसलेली गाडी मात्र गळकी समजावी. नागपूरच्या ४५ अंशांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर लवकर तडकते, तेव्हा पिशव्यांच्या घड्या टॉर्च लावून पाहाव्यात.

चालवून पाहण्यासाठी वर्धा रोडवरची दहा मिनिटांची फेरी पुरेशी नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेटवर हात ठेवून मगच सुरू करावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दिसली तर दुसऱ्या दिवशी यावे. मग गर्दीत एसी लावून अर्धा तास रखडू द्यावे, तापमानाचा काटा पाहावा, आणि नंतर रामटेकला जाऊन गडमंदिराचा चढ चढावा-उतरावा. चढावर टर्बो आणि गिअर बोलतात. उतारावर आणि खड्ड्यांत पुढच्या कंट्रोल आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश बोलतात. अडीच टनांच्या आसपासच्या गाडीला ते वारंवार लागतातच, त्यात विशेष काही नाही. परतीच्या वाटेवर एखाद्या मुरमाड रस्त्यावर लो रेंज टाकून पाहावी. कोरड्या डांबरावर वळणे घेत हा प्रयोग करू नये. हँडब्रेक विजेवर चालणारा आहे. तो लावताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर काम निघाले आहे. सनरूफच्या निचरा-नळ्या धुळीने आणि कडुनिंबाच्या पानांनी तुंबतात, पाणी आत उतरते आणि वायरिंगला लागते, म्हणून पायाखालचा कार्पेट दाबून ओल आहे का ते पाहावे.

टायरकडे दोन कारणांनी पाहावे. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात, अन्यथा ट्रान्सफर बॉक्सवर नाहक ताण येतो. आणि समृद्धीवर उन्हाळ्यात १२० च्या वेगाने जायचे असेल तर टायरचे वय पाहिलेच पाहिजे. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अशा टायरची नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो मी त्या रस्त्यावर नेणार नाही.

बगीच्याविषयी स्पष्ट सांगतो. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरच्या काळ्या मातीत ही गाडी महामार्गाच्या टायरवर उतरवली, तर लो रेंज असूनही ती रुतेल आणि एवढे वजन ओढायला ट्रॅक्टरच लागेल. केवळ वावरात जाण्यासाठी ती घेत असाल तर घरच्यांचे बरोबर आहे: फोर बाय फोर फॉर्च्युनर तेच काम कमी खर्चात करते, काटोललाही तिचा मिस्त्री मिळतो आणि विकताना भाव राहतो. पुण्यापर्यंतचा प्रवास, सात प्रौढ माणसांची खरीखुरी बसण्याची सोय आणि चालवण्यातला निवांतपणा यासाठी घेत असाल, तर फॉर्च्युनर तिच्या जवळपासही येत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. नागपूरच्याच नोंदणीची, म्हणजे एमएच-३१, ४० किंवा ४९ ची गाडी असेल तर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास त्याचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, आणि थकीत ई-चलान भरल्याची खातरजमा एवढ्यावर भागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली असावी. दिल्लीची गाडी असेल तर भाव कमी का आहे हे समजून घ्या: तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाचे २०१५ चे आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे आदेश होते. पुढे त्यांत बदल झाले, तरी तिथल्या जुन्या डिझेल गाड्या त्याच धास्तीने बाहेर पडत आल्या. अशा गाडीला फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा वाहनकर लागतो; तो किमतीत धरल्यावर स्वस्ताई बरीचशी संपते. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर विक्रीचा संचालक मंडळाचा ठराव मागावा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा; मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. २०१४ च्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२९ ला संपते, त्यापुढे फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहे, हेही भावात धरावे.

हिशेब असा करावा. २४ लाखांपैकी ६ ते ७ लाख वेगळे ठेवून उरलेल्या १७ लाखांच्या आसपास बोलणी सुरू करावीत. दोन्ही बेल्ट, गिअरबॉक्सचे तेल आणि वेळेवर इंजिन तेल, या तिन्हींची बिले असतील तर १८ पर्यंत जावे. टोकन देण्याआधी फिल्टर तपासणी, रात्रभरातली उंची आणि स्कॅनरचा अहवाल समाधानकारक नसल्यास रक्कम परत, असे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. विक्रेता यातली एखादी तपासणी नाकारत असेल, तर त्याच २४ लाखांत घरच्यांच्या मनासारखी फॉर्च्युनर बघायला लागावे.