हार्डफेसिंगचे पोपडे निघतायत? रॉड बदलायच्या आधी खालचं लोखंड बघा

प्रश्न आधी परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. रबाळ्यात तुमची छोटी शेड आहे, पनवेलकडच्या एका खडी क्रशरची दोन कामं आली, एक जॉ प्लेट (दगड दाबून फोडणारी दातेरी प्लेट) आणि दुसरं क्रश सँड धुवायच्या स्क्रूची पाती. दोन्हीवर हार्डफेसिंगला, म्हणजे झीज कमी व्हावी म्हणून वेल्डिंगने वर कडक थर द्यायला, 60 एचआरसीवाला (एचआरसी म्हणजे रॉकवेलचं कडकपणाचं माप) क्रोम कार्बाइडचा रॉड मारला, जॉ प्लेटवरून पोपडे निघाले, पात्यांवर आडवे तडे दिसतायत म्हणून पार्टीने बिल अडवलंय, आणि आता याहून कडक रॉड कुठला मिळेल?

भाऊ, कडक रॉड नकोच. कडकपणाचा यात काही संबंधच नाहीये. दोन कामं वेगळी, दोन्हीचं लोखंड वेगळं, झिजायची तऱ्हा वेगळी आणि रॉड मात्र एक, गोंधळ तिथे आहे.

आधी जॉ प्लेट. लोहचुंबक लावून बघितलंत का? नसेल तर आधी ते करा. चिकटला नाही तर ते मँगनीज स्टील, आणि जॉ प्लेट बहुतेक त्याचीच असते. हे हॅडफिल्ड नावाच्या इंग्रज माणसाने 1882 मध्ये काढलेलं स्टील, 11 ते 14 टक्के मँगनीज आणि साधारण सव्वा टक्का कार्बन. नवीन असताना बऱ्यापैकी मऊ, 200 ब्रिनेलच्या (हेही कडकपणाचं माप) आसपास, पण दगडाचा मार बसत गेला की वरचा थर 500 पर्यंत जातो आणि आतलं मात्र चिवटच राहतं. म्हणून तर आपल्याकडचा काळा दगड ते दाबून फोडतं. पण त्याची एक खोड आहे, वेल्डिंगची उष्णता त्याला सोसत नाही. साधारण 260 डिग्रीच्या वर बराच वेळ राहिलं की आत कार्बाइड (कार्बनचे कडक दाणे) सुटायला लागतात आणि चिवट स्टील ठिसूळ होऊन बसतं. आपले बरेच वेल्डर 'हार्डफेसिंग म्हटलं की प्रीहीट', म्हणजे आधी तापवायचं, हे डोक्यात धरून गॅसने प्लेट तापवतात, मग लांबच्या लांब रुंद रन ओढतात, प्लेट लाल होते आणि सगळ्यांना वाटतं काम मस्त चाललंय. ईएन 19 ला (शाफ्टचं अलॉय स्टील) जे लागतं त्याच्या बरोब्बर उलटं इथे लागतं. प्रीहीट नाही, छोटे छोटे बीड (वेल्डच्या पट्ट्या), एक इथे तर दुसरा लांब तिकडे, आणि बीडपासून थोडं लांब हात ठेवता आला पाहिजे इतपतच गरम. अगदीच वेळ नसेल तर प्लेट पाण्यात ठेवून फक्त वेल्डिंगचा भाग वर ठेवतात, बघणाऱ्याला विचित्र वाटतं पण मँगनीजला ते चालतं.

अजून एक, जो थर मार खाऊन कडक झालाय त्याच्यावर सरळ वेल्डिंग करायचं नाही. तो ग्राइंडरने किंवा गॉजिंगने (आर्कने खरवडून) काढा, जुन्या हार्डफेसिंगचे उरलेले तुकडे असतील तर तेही काढा, आणि खाली तडे दिसले तर ते संपेपर्यंत खोदा. मग झीज भरायला ऑस्टेनिटिक मँगनीज-क्रोमचा रॉड. साध्या लोखंडाच्या 6013 किंवा 7018 रॉडने भरायचं अजिबात नाही, साधं लोखंड आणि मँगनीज मिसळलं की मधला पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. माप पूर्ण झालं की वरून हवं तर क्रोम कार्बाइडच्या बारीक सरळ लाइनी मारा. दातांवर जाड थापू नका, तिथे मार बसतो आणि क्रोम कार्बाइड घासणं सोसतं, मार नाही.

हो, आणि प्लेट मशीनवर असतानाच वेल्डिंग करत असाल तर अर्थिंगचा क्लॅम्प त्या प्लेटलाच लावा. बॉडीला कुठेतरी अडकवला तर करंट बेअरिंगमधून जातो, बेअरिंगला आत चट्टे पडतात, आणि नंतर बेअरिंग गेलं की कोणाला कळत नाही का गेलं.

आता निघालेला पोपडा उचला आणि त्याची खालची बाजू उजेडात धरा. गुळगुळीत असेल, स्लॅग (वेल्डवरची काचेसारखी मळी) चिकटलेला असेल, तर तो नीट धरलाच नव्हता, म्हणजे खाली गंज होता, जुना थर होता नाहीतर करंट कमी होता. खाली दाणेदार असेल आणि मूळ लोखंडाचा तुकडा बरोबर आला असेल तर वेल्ड धरलाय पण खालचं लोखंड फुटलंय, म्हणजे उष्णतेचा घोळ. हे बघितल्याशिवाय रॉडवाल्याला फोन करू नका, तो त्याच्याकडचा महागातला रॉडच सांगणार.

आता पात्यांचे तडे. ते तडे बीडला आडवे आहेत आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर एक असे आहेत ना? मग ते यायलाच पाहिजेत. क्रोम कार्बाइडचा थर थंड होताना आवळतो, ताणला जात नाही म्हणून फुटून मोकळा होतो. पार्टीला हे काम घेतानाच सांगून ठेवायचं असतं, नाहीतर बिलाच्या वेळी तडे दाखवतात. घाबरायचं कधी, तर तडा बीडच्या बाजूने उभा पळत असेल किंवा खाली जाऊन जोडाच्या रेषेत वळत असेल तेव्हा. तो थर सुटणार. दोन थर पुरे, फार तर तीन, त्याच्यावर चढवत गेलात तर स्वतःच्याच ताणाने उडतो.

आणि हा 60 चा आकडा. रॉकवेलची सुई सगळं मिळून सरासरी सांगते. पाणी देऊन कडक केलेलं साधं (मार्टेन्सिटिक) स्टीलही 60 दाखवतं आणि क्रोम कार्बाइडही 60 दाखवतं. पण पहिल्यात सगळीकडे साधारण 700 विकर्स (बारीक दाण्याचाही कडकपणा मोजायचं माप), आणि दुसऱ्यात आत जे कार्बाइडचे दाणे असतात ते दीड हजाराच्या आसपास. नदीच्या रेतीतला क्वार्ट्झ हजाराच्या वर आहे, म्हणजे पहिल्याला तो खरवडतो आणि दुसऱ्याच्या दाण्यांवरून घसरून जातो. आकडा तोच, आयुष्यात मात्र कितीतरी फरक. उलट बाजूचं उदाहरण स्टेलाइट 6, कोबाल्टवालं, केमिकल प्लांटच्या व्हॉल्व्ह सीटवर असतं ते, ते जेमतेम 40 च्या आसपास, पण धातूवर धातू घासला तरी पकडत नाही आणि गरम असतानाही नरम पडत नाही म्हणून तिथे तेच लागतं. आपला काळा दगड बेसॉल्ट आहे, त्यात सुटा क्वार्ट्झ फारसा नसतो, पण क्रशर सँडचे दाणे टोकदार, तेव्हा पात्यांवर क्रोम कार्बाइडची निवड तुमची बरोबरच आहे.

फक्त मारायची पद्धत बघा. हाताच्या रॉडने पहिल्या थरात 20 ते 30 टक्के खालचं लोखंड मिसळतं, म्हणजे डब्यावर लिहिलेला माल पहिल्या थरात मिळतच नाही, दुसऱ्यात येतो. करंट कमी ठेवा, आणि आर्क मूळ लोखंडावर नाही तर आधीच्या बीडवर ठेवून अर्धा बीड झाकत जा. पाती पातळ असतील तर पूर्ण पान भरू नका, बाहेरच्या कडेचा दीड-दोन इंचाचा पट्टा आणि माल ढकलणारी बाजू, बस. एका बाजूने सलग मारत गेलात तर पान छत्रीसारखं वळतं आणि मग खोक्यात घासतं, म्हणून समोरासमोर, उलटसुलट जागा घेत मारा.

ईएन 8, ईएन 19 चा शाफ्ट वगैरे आला तर मात्र प्रीहीट हवाच, ईएन 24 ला (तेही शाफ्टचंच अलॉय स्टील) सगळ्यात जास्त, आणि नंतर राखेत किंवा ब्लँकेटमध्ये सावकाश थंड. त्यावर आधी 309 चा किंवा 307 चा (स्टेनलेस रॉड) बफर थर, म्हणजे मधला चिवट थर, टाकला तर तडा खाली उतरत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली, उघडं पाकीट रात्रभर ठेवलं की रॉड गेला. बेकिंग पाकिटावर लिहिलंय तेवढं करा, आणि ओव्हन नुसता कोपऱ्यात शोभेला ठेवू नका. धूर हलक्यात घेऊ नका, क्रोमच्या धुरात हेक्सावॅलंट क्रोमियम (क्रोमचा विषारी प्रकार) असतं आणि मँगनीजचा धूर मेंदूच्या नसांवर जातो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. चांगला मास्क आणि धूर ओढणारा पंखा.

पार्टीला पटवायचं असेल तर एकाच स्क्रूच्या काही पात्यांवर तुमचा आत्ताचा रॉड, काहींवर दुसरा, खूण करून ठेवा आणि जाडी मोजत जा, त्यांच्याच मालावर. आणि इकडे टाकताना पोपड्याच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, वरच्या बाजूचा नको, त्यातून काही कळत नाही.