डोळ्यातला दाब : दोन यंत्रे, दोन आकडे

प्रश्न : कोथरूडच्या शिबिरात हवेचा झोत मारणाऱ्या यंत्रावर माझ्या डोळ्याचा दाब २४ आला; आठवड्याने डॉक्टरांनी थेंब घालून मोजला तेव्हा १९ भरला. खरा कोणता मानावा? – एक वाचक, पुणे

उत्तर : दुसरा आकडा अधिक भरवशाचा आहे. झोत येताच माणूस दचकून पापण्या आवळतो आणि त्यानेही दाब वाढलेला दिसतो. म्हणून शिबिरातला आकडा प्राथमिक चाळणीपुरताच धरावा. थेंब घालून मोजण्याच्या गोल्डमन पद्धतीत डोळा बधिर करून, पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात पारपटलाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) लहानसा शंकू टेकवतात आणि दिसणाऱ्या दोन हिरव्या अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडेपर्यंत चकती फिरवून दाब वाचतात. गळ्याशी घट्ट बसणाऱ्या कॉलरनेही हा आकडा वाढू शकतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

साधारण मर्यादा १० ते २१ मिलिमीटर पारा अशी मानतात. मात्र पारपटल जाड असल्यास आकडा फुगतो, पातळ असल्यास खरा दाब झाकला जातो. त्यामुळे त्याची जाडी एकदा मोजून घ्यावीच. शिवाय दाब दिवसभरात बदलतो आणि मर्यादेतल्या दाबातही काचबिंदू होऊ शकतो, म्हणून १९ वर निश्चिंत न होता दृष्टिचेतेची (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची) आणि दृष्टिक्षेत्राची (नजर स्थिर ठेवून आजूबाजूला किती दिसते याची) तपासणी करून घ्यावी.