ऑपरेटरला गिऱ्हाईक लागतं

“मॅडम, मी शेअर घेतला की भाव पडतो, विकला की चढतो. भाव मुद्दाम वरखाली करणाऱ्या या ऑपरेटरांशी माझ्यासारख्याने लढायचं तरी कसं?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेले चाळिशीतले गृहस्थ, सोबत पत्नी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोबाईलवरच्या एका ग्रुपमधल्या टिपेवर विसंबून त्यांनी लहानशा कंपनीचे शेअर घेतले. भाव काही दिवस चढला, मग कोसळला. विकायला गेले तर घेणारंच कुणी नाही. तेव्हापासून तोटा भरून काढायला रोज पंधरा-वीस सौदे. झोप गेली, घरात बोलणं तुटलं.

‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं मी म्हटलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. आपसात खरेदी-विक्री करून उलाढाल फुगवणं, मोठ्या ऑर्डरी लावून ऐनवेळी मागे घेणं, हे प्रकार होतात. त्यांच्या रागाला जागा होती. मला काळजी वाटली ती त्या ‘लढायचं’ या शब्दाची.

मी विचारलं, “तुम्ही घेतलेले शेअर आधी कुणाकडे होते?”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्यांच्याचकडे असणार.”

ऑपरेटरची खरी अडचण इथेच असते. भाव चढवणं त्या मानाने सोपं. गोळा केलेला ढीगभर माल चढ्या भावात खपवायचा कुणाला? त्यासाठी त्याला हजारो लहान गिऱ्हाइकं लागतात, घाईतली आणि जमलं तर चिडलेली. लहान माणसाला अशी कसलीच सक्ती नाही. ज्यात रोज प्रचंड उलाढाल होते आणि एकट्यादुकट्याला भाव हलवणं जड जातं, असे शेअर किंवा निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे गुंतवणारे इंडेक्स फंड तो निवडू शकतो. वर्षानुवर्षं थांबू शकतो. त्यातून निघायचं झालं, तर त्याच्या थोड्या शेअरांनी भावाला धक्काही लागत नाही.

आणि रोजच्या सौद्यांचं काय? बार्बर आणि ओडियन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या 66,465 कुटुंबांचे 1991 ते 1996 मधले व्यवहार तपासले. बाजाराने वर्षाला 17.9 टक्के दिले, सर्वाधिक सौदे करणाऱ्यांच्या हाती 11.4 पडले. दोष निघाला तो सौद्यांच्या खर्चाचा आणि फाजील आत्मविश्वासाचा. हे आकडे ऐकून त्यांच्या पत्नीने पहिल्यांदाच तोंड उघडलं, “म्हणजे हे सूड घेत होते आणि बिल आमच्याकडे येत होतं.” माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा हे वाक्य त्यांना लागलं.

महिनाभर एकही सौदा नाही, असं ठरलं. पहिला आठवडा फार जड गेला. हात सारखा फोनकडे जायचा. तिसऱ्या भेटीत ग्रुप सोडल्याचं त्यांनी सांगितलं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाकडे (सेबीकडे) तक्रार करायला मात्र ते अजून कचरतात. “शिकलेला माणूस असा फसला, लोक काय म्हणतील?” या लाजेपोटी अशा कितीतरी तक्रारी कागदावर येतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी ग्रुपमधले संदेश आणि सौद्यांच्या तारखा घेऊन या, असं मी सांगितलंय. अर्ज इथेच, तिघं मिळून लिहू.