युद्ध संपलेल्या देशात धार्मिक अतिरेक सुरक्षेला धोका का ठरतो?

श्रीलंकेचंच बघा. मे २००९ मध्ये वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईचा, म्हणजे 'तमिळ वाघां'चा पाडाव झाला, पण यंत्रणेचं लक्ष 'वाघ परत डोकं वर काढतील का' यावरच राहिलं. तेवढ्यात बोदू बल सेनेसारख्या कडव्या बौद्ध संघटनांना नवा शत्रू सापडला: मुसलमान. २०१४ ला अलुथगामा, २०१८ ला दिगाना या गावांत दंगली, मुसलमानांची घरं-दुकानं जळाली. दुसऱ्या बाजूला मूठभर मुस्लिम तरुण जहाल प्रचारकांच्या नादी लागले. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार: चर्च आणि हॉटेलांत आत्मघाती स्फोट, अडीचशेवर बळी. भारताने आधीच इशारा दिला होता, हे जास्त चीड आणणारं! पण राष्ट्रपती-पंतप्रधानांचं इतकं फाटलेलं, की पंतप्रधानांना सुरक्षा परिषदेच्या बैठकांना बोलावणंच नसायचं. इशारा कागदावरच राहिला.