ब्राइटनेस फुल करूनही उन्हात मोबाईलची स्क्रीन दिसत नाही, नवीन फोन घ्यावा का?

घाई नका करू भाऊ. मी नागपुरात किराणा मालाच्या ऑर्डरी घेत फिरतो, इतवारी, महाल, सक्करदरा, भर मे महिन्यात, अन् ऑर्डर सगळी मोबाईलवरच टाकावी लागते. एकदा उन्हात तेलाच्या १ पेटीच्या जागी ११ गेल्या, मालकानं दुकानात सगळ्यांसमोर उभं केलं, म्हणून या विषयावर थोडा अधिकार आहे समजा.

आधी ऑटो ब्राइटनेस चालू करा. हो, चालूच. हातानं पट्टी शेवटपर्यंत सरकवली की फुल झालं असं मलाही वाटायचं, पण बऱ्याच फोनमध्ये उन्हासाठी जास्तीचा उजेड वेगळा राखून ठेवलेला असते न, तो सेन्सरला कडक ऊन दिसलं अन् ऑटो चालू असलं तरच सुटते. सेन्सर वरच्या बाजूला समोरच्या कॅमेऱ्याजवळ असते, तिथं स्वस्तातल्या टफन ग्लासची काळी पट्टी आली असेल तर त्या बिचाऱ्याला अंधारच वाटत असते. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा.

डार्क मोड उन्हात कामाचा नाही, काळ्या स्क्रीनमधे आपलंच घामेजलेलं तोंड दिसते. बाहेर निघताना लाइट मोड अन् अक्षरं मोठी. पोलराइज्ड गॉगल असेल तर तेही एक कारण, माझी स्क्रीन अख्खी काळी झाली होती, मला वाटलं डिस्प्ले गेला, अन् फोन आडवा केला तर सगळं दिसून राहिलं.

पण आपल्या इकडची खरी गोची म्हणजे फोन तापणं. तापला की तो स्वतःच उजेड कमी करते, तुम्ही पट्टी कितीही ओढा. आयफोनची कंपनी तर ० ते ३५ डिग्रीतच वापरा म्हणते, आता नागपुरात ४५ ला बाप्पा कुठून आणायचे ३५? दुपारी दोन वाजता गाडीच्या होल्डरवर मॅप लावला की बर्डी (सीताबर्डी) येईपर्यंत स्क्रीन विझत विझत जाते. म्हणून मी होल्डर काढूनच टाकला, फोन बॅगेत, रस्ता बघायचा तर सिग्नलवर सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या नेटखाली थांबल्यावर. तापलाच तर कव्हर काढून सावलीत ठेवा, फ्रीजमधे टाकू नका, आत पाणी धरते.

अन् सावली स्वतःची करा. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असते, भर उन्हात लाखाच्या घरात, कोणताच फोन पुरत नाही. सूर्याकडे पाठ करा, फोन छातीजवळ आपल्या सावलीत धरा, अन् पांढऱ्या शर्टापेक्षा गडद शर्ट बरा, पांढरा सगळा स्क्रीनमधे उमटते.

एवढं करूनही नाहीच जमलं तर घ्या नवीन. फक्त डब्यावरचा निट्सचा, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचा, मोठा आकडा पाहून भुलू नका, तो बहुतेक स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता असते, पूर्ण स्क्रीनचा हाय ब्राइटनेस मोडचा, म्हणजे तो उन्हासाठी राखलेल्या उजेडाचा, आकडा विचारा. अन् दुकानाबाहेर नेऊन पाहा. मला बर्डीवरच्या दुकानदारानं डेमो पीसची केबल जेवढी पुरली तेवढं दारापर्यंत येऊ दिलं, पण स्वतः काही एसीतून उठला नाही.