तीन वर्षे आधी निवृत्त व्हावे का?

सप्रेम नमस्कार,

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत २७ वर्षे काढल्यावर, वयाच्या ५५ व्या वर्षी, ५८ ची वाट न पाहता नोकरी सोडावी का, असा आपला प्रश्न आहे. आई ८१ वर्षांच्या आहेत, कागल तालुक्यातील गावी एकट्या राहतात, आणि आपण त्यांना महिन्यातून एखाद्या रविवारीच भेटता. थोरले बंधू म्हणतात, ‘तीन वर्षे कळ काढ.’ बंधूंचा सल्ला काळजीपोटीच आहे, परंतु त्या तीन वर्षांची किंमत नक्की किती, हे आधी पाहू.

आपल्या पत्रातील आकडे असे: भविष्य निर्वाह निधीत ४६ लाख, ठेवी १५ लाख, म्युच्युअल फंडात २४ लाख, घरखर्च दरमहा ४० हजार, उसाचे वर्षाला निव्वळ ९० हजार. मूळ वेतन ४० हजार आणि सेवा २७ वर्षे धरली, तर ग्रॅच्युइटी सुमारे ६ लाख २३ हजार होते. घरकर्जाचे उरलेले साडेतीन लाख आणि मुलाच्या शेवटच्या वर्षाची २ लाख ७० हजार फी यांतच ती संपेल, आणि संपू द्यावी. राहिलेल्या ८५ लाखांतून मुलीच्या लग्नासाठी १० लाख वेगळे काढले, की ७५ लाख उरतात.

आणखी तीन वर्षे काम केल्यास बचत आणि निधीतील भरणा मिळून साधारण १२ लाख वाढतील. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात. पण नोकरी सोडल्यास त्याच काळात घरखर्चासाठी, उसाचे पैसे वजा जाता, पुंजीतून वर्षाला ३ लाख ९० हजार काढावे लागतील, म्हणजे आणखी सुमारे १२ लाख. तेव्हा खरा फरक २४ लाखांच्या आसपास आहे. तो लहान नाही. महागाई ६ टक्क्यांनी वाढली, तर आजचे ४० हजार १२ वर्षांनी ८० हजार होतात, आणि आपल्या पत्नी आपल्याहून पाच वर्षांनी लहान आहेत.

तरीही माझे मत नोकरी सोडण्याच्या बाजूचे आहे, कारण हा फरक कमी करण्याचा मार्ग आपल्या पत्रातच आहे. कंपनीने महिन्यातून आठ दिवस गुणवत्ता तपासणीसाठी येण्याचे, १५ हजार मानधनाचे विचारले आहे, आणि आपण ते कमीपणाचे मानून बाजूला सारले आहे. कृपया तसे करू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले, तर ८.२ टक्के दराने दर तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० मिळतात. उसाचे सरासरी साडेसात हजार मिळवले, की तूट १२ हजारांची उरते, आणि मानधनातून ती भागून आरोग्य विम्याच्या हप्त्याला हातभार लागतो. अडीअडचणीचे ६ लाख बँकेत ठेवून बाकीच्या ३९ लाखांना तीन वर्षे हात लावावा लागणार नाही, आणि महिन्याचे बावीस दिवस आपले राहतील.

मात्र साठीच्या आत ही बचत योजना स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांना मिळते, आणि निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून ३ महिन्यांत खाते उघडावे लागते. कंपनीच्या पत्रात ‘राजीनामा’ हा शब्द आला, तर पोस्टात अडवणूक होऊ शकते, म्हणून पत्राचा मजकूर सही करण्याआधी वाचून घ्या. कर्मचारी पेन्शन आताच सुरू करू नका. ५८ च्या आधी घेतल्यास दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. निधीतील रक्कमही फार काळ तिथेच ठेवू नये, कारण नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र ठरते.

मला सर्वाधिक चिंता आरोग्य विम्याची वाटते. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपेल, आणि आपल्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून त्याच विमा कंपनीकडे गट विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरीत असतानाच करा. ती पॉलिसी हाती येईपर्यंत निवृत्तीचे पत्र देऊ नका, मग त्यासाठी दोन-तीन महिने अधिक गेले तरी चालेल. आईंसाठी सत्तरीपुढील सर्वांना मिळणारे आयुष्मान कार्ड आधारवर काढून घ्या. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात.

एक विनंती. घरखर्चाचा ४० हजारांचा आकडा आपण अंदाजाने लिहिलेला दिसतो. गेल्या वर्षाचा खर्च, सणवार, औषधे आणि गावी जाण्या-येण्याचे पेट्रोल धरून, पत्नीकडून तपासून घ्या. तो ५० हजारांच्या घरात निघाला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आठाऐवजी बारा दिवसांच्या कामाची बोलणी करावी लागतील.