स्काइप बंद झालं. पुण्यातून कॉम्प्युटरवर परदेशातल्या मुलीशी चॅट, व्हिडिओ आणि व्हॉइस कॉल कशावर करू?

व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप घ्या; तिन्ही त्यात होतं आणि मुलगी आधीच व्हॉट्सॲपवर असेल तर तिलाही नवीन खातं काढावं लागत नाही. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झाल्यावर कोथरूडला आईच्या कॉम्प्युटरवर मी हेच बसवून दिलं. फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून क्यूआर कोड स्कॅन केला की सुरू. व्हिडिओत नुसता काळा चौकोन दिसला तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची परवानगी बघा. आईचं तिथंच अडलं होतं. आणि स्पीकरऐवजी हेडफोन लावाच, नाहीतर मुलीला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. एक लक्षात ठेवा: फोनवरचं व्हॉट्सॲप १४ दिवस उघडलंच नाही, तर कॉम्प्युटरवरचं लॉगिन सुटतं.